टाचेची पारख

फरशी घासून झाली की हरणाबाई वकिलांच्या फाटकापासून ओसरीपर्यंत अनवाणी चालत जायची. प्रत्येक दगडावर टाच दाबायची, जरा फिरवायची. टाच सरकली की तिथंच बसून पुन्हा खुरपं चालवायची. मेढा गावच्या पावसात शेवाळ रात्रीतून चढे, म्हणून पावसाळाभर हे रोजचंच होतं.

गंगाधरपंत वकिलांची सून शरयू सांगलीची. बेचाळीसच्या नागपंचमीला तिला सातवा महिना होता. त्या सकाळी हरणाबाई खुरपं न घेताच आली.

"आवं वैनीसाब, आज भुईला हत्यार लावत न्हाईत."

"मग राख-काथ्यानं घासा. नागोबा काय शेवाळाखाली बसलाय होय?"

"शेरातल्या नागोबाचं मला ठावं न्हाई. आमचा कुटंबी बसतो," हरणाबाई हसली. "खरवडणं त्ये खरवडणंच. उद्या दुप्पट घासती बगा. आज तेवडं मागल्या दारानं जावा."

शरयू बरं म्हणाली. पण दुपारी वारुळाला निघालेल्या बायका फाटकाशी आल्या, गाणं सुरू झालं, आणि पूजेचं ताट घेऊन ती पुढच्या दारानंच धावली. तिसऱ्या फरशीवर पाय सरकला.

मूल राहिलं नाही. घरात सगळे म्हणाले, हरणाबाईनं शेवाळ ठेवलं. तिनं मागच्या दारानं जायला सांगितलं होतं, हे तिच्याखेरीज फक्त शरयूला माहीत होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या ती ऐकत राहिली. हरणाबाईनंही मागल्या दाराचं कुणाला सांगितलं नाही. चूक आपलीच, असं तिलाही वाटत असावं.

त्यानंतर दर नागपंचमीला ती उजाडायच्या आत येई. खुरपं नसेच. काथ्या आणि राख घेऊन गुडघ्यांवर बसे, तळहात सोलवटेपर्यंत घासे. पुढं शरयूला दोन मुली झाल्या. त्या फरशीवर खेळत तेव्हा हरणाबाई हातातलं काम सोडून बघत उभी राही. चूक माझी होती हे आज तिला सांगू, असं शरयू दर वर्षी ठरवी. मग चहा देई, हातांना लावायला खोबरेल देई, आणि बोलणं तिथंच थांबे.

एकोणपन्नासच्या श्रावणात हरणाबाई अंगात ताप घेऊनच आली. शरयूनं काथ्या हातातून काढून घेतला आणि तिला घरी जायला सांगितलं. सांगायला तोंड उघडलं, तोवर ती फाटकाशी पोचली होती. आठ दिवसांनी ती गेल्याचा निरोप आला.

त्या दिवशी फाटकाशी ती वळली होती. पदरानं हात पुसत म्हणाली, "तिसऱ्या फरशीवरनं जपून, वैनीसाब. अजून वलं हाय."