आमच्या ह्यांचा मस्की

माझं लग्न झालं तेव्हा सासरी अंडंसुद्धा घरात यायचं नाही. मी वेंगुर्ल्याची, मासळीवर वाढलेली, आणि सासर साताऱ्याचं, कांदा-लसूणही बेताने खाणारं. 'तू बाहेर कुठे खाल्लंस तर माझी काही हरकत नाही,' असं आमच्या ह्यांनी मोठ्या मनाने सांगून टाकलं आणि मी वीस वर्षं घरात मासा शिजवला नाही. आणि हाच माणूस अमेरिकेत येऊन, चाळिशी उलटल्यावर, मासे पकडायच्या नादाला लागला. आता कपाळाला हात लावायचा नाही तर काय करायचं, तुम्हीच सांगा.

ह्यांचं नाव दिगंबर. बोलताना मी अजूनही 'अहो' म्हणते, पण कागदावर किती वेळा 'हे' आणि 'आमचे हे' लिहिणार, म्हणून दिगंबर. तर दिगंबर म्हणजे मुलखाचा अबोल माणूस. पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावात कपॅसिटर बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. सकाळी 'येतो', संध्याकाळी 'आलो' आणि मधे जेवताना 'मीठ दे'. आमची दीपा घरात होती तोवर मला ते जाणवलं नाही, कारण ती दोघांच्या वाटणीचं बोलायची, तेही इंग्लिशमधून. पंच्याऐंशी साली ती पिट्सबर्गला कॉलेजात गेली आणि घर एकदम गप्प झालं. गावात आपली माणसं म्हणजे युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली मुलं, ती गणपतीला येऊन मोदक खाऊन जायची. बाकी वर्षभर मी, टीव्ही आणि बर्फ.

त्याच शरदात शेजारच्या वॉल्टरने दिगंबरांना एका रविवारी धरणावर नेलं. वॉल्टर पोस्टातून रिटायर झालेला, बोटीशिवाय दुसरा विषय नसलेला गृहस्थ. संध्याकाळी दिगंबर घरी आले ते बूट न काढता थेट किचनमध्ये, आणि बोलत सुटले. मस्की नावाचा एक मासा असतो म्हणे. माणसाच्या पायाएवढा लांब, सुसरीसारखं तोंड, आणि महिनोन् महिने कोणाला हुंगत नाही. पण पाण्यावरून उंदीर किंवा बदकाचं पिल्लू चाललं की खालून येऊन असा झडप घालतो की पाणी फुटल्यासारखं उसळतं. म्हणून हे लोक लाकडाचं खोटं पिल्लू करून पाण्यावरून ओढत आणतात. त्याला लुअर म्हणतात. वॉल्टरच्या लुअरवर बोटीपासून हातभर अंतरावर मस्की आला आणि दिगंबर बोटीतून पडता पडता राहिले. दीपा जन्मली तेव्हासुद्धा हा माणूस एवढं बोलला नव्हता.

'मग आणला का?' मी विचारलं.

'छे, सोडून दिला. पकडायचा, बघायचा आणि सोडायचा.'

माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. एवढा मोठा मासा, आणि सोडून दिला.

बरं, विकतची लुअर घ्यायची तर तेही नाही. 'विकतच्यावर पकडण्यात काय मजा?' असं म्हणून त्यांनी पहिली लुअर स्वतः केली. कशाची, तर माझ्या शिसवी लाटण्याची. मी दुकानातून आले तो लाटण्याचा मधला तुकडा गायब, त्याला डोळे काढलेले, खाली गळ लावलेले. 'मस्कीचे दात फार भयंकर असतात, लाकूड मजबूत हवं,' हे वर. बाथटब भरला, लुअर आत सोडली आणि ती सरळ तळाशी गेली. पाण्यावर तरंगायची वस्तू, आणि हे घेतात शिसव. इंजिनियर म्हणे. महिनाभर मी पोळ्या बाटलीने लाटल्या आणि रोज ऐकवलं. मग वॉल्टरने कुंपणाचा एक जुना सीडरचा खांब दिला, हलका, पेन्सिलीसारखा वास येणारा, आणि आमच्या बेसमेंटमध्ये कारखाना उघडला.

आता माझी गोष्ट. माझी धाकटी बहीण मालिनी सांता क्लाराला. तिच्या नवऱ्याने, विनयने, तिथे स्वतःची छोटी कंपनी काढली होती आणि त्याला दिगंबरांसारखाच माणूस हवा होता. तिथे भाजीवाल्याकडे कढीपत्ता मिळतो, हिवाळ्यात बर्फ उपसायला फावडं लागत नाही, दर शनिवारी कोणाकडे तरी मराठी माणसं जमतात. मला तिथे जायचं होतं. नुसतं जायचं होतं असं नाही, मी त्यावर जगत होते. विनय म्हणाला, 'पुढच्या ऑगस्टअखेरपर्यंत जागा ठेवतो, मग मला दुसरा कोणी बघावा लागेल.' मी दिगंबरांसमोर जाऊन बसले आणि म्हटलं, आज काय ते सांगा.

त्यांनी हातातला सँडपेपर खाली ठेवला. मग म्हणाले, 'कॅलिफोर्नियात मस्की नसतो, सुमित्रा. एकदा माझ्या हातच्या लुअरवर, माझ्या हाताने एक पकडू दे. मग तू म्हणशील तिथे येतो. चू की चां करणार नाही.'

दिगंबर शब्दाचे पक्के. मी तिथल्या तिथे त्यांना देवासमोर उभं करून वदवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पदर खोचून बेसमेंटमध्ये उतरले. मासा धरला गेला पाहिजे, मग माझी सुटका. असा सगळा स्वार्थाचा मामला.

तो हिवाळा आम्ही खाली काढला. ते तासायचे, मी घासायची, रंगवायची. दात लागून लाकूड फुटलं तरी मासा सुटू नये म्हणून आरपार तार घालायची, ते मी शिकले. रंग टिकावा म्हणून एकावर एक हात कसे द्यायचे, तेही. आमची लुअर पोटाला जाड, आणि दोन्ही बाजूंना बिजागरीवर पत्र्याचे दोन पंख. दोरी ओढली की पंख आलटून पालटून पाणी मारतात आणि लाकूड पोहत पुढे येतं. बाथटबमध्ये दिगंबर ती ओढायचे आणि मी कमोडवर झाकण टाकून बसून परीक्षा घ्यायची. पण आवाज काही जमेना. केकच्या जुन्या ट्रेचा पत्रा नुसताच टपटप वाजायचा.

'हे बदकाचं पिल्लू आहे की गळका नळ?' मी म्हटलं.

'पत्र्याला खोली हवी,' दिगंबर म्हणाले. 'थोडा वाटीसारखा पाहिजे.'

मी वर गेले आणि वाटी घेऊन आले. लग्नातली, जाड स्टीलची, मामांनी दिलेल्या डझनातली. एरवी कोणी मोलकरणीने तिला पोचा पाडला असता तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. दिगंबर म्हणाले, 'अगं, ही नको.' मी म्हटलं, कापा. सांता क्लाराला जायचंय मला. त्यांनी ती कापून दोन पंख केले, आणि टबात सोडल्याबरोबर असा डुबुक डुबुक आवाज निघाला की आम्ही दोघंही लहान पोरांसारखे हसत सुटलो. एका पंखावर टिंबाटिंबांनी कोरलेलं 'मामांकडून' तसंच राहिलं होतं. वॉल्टरने विचारलं, हे काय लिहिलंय? मी अर्थ सांगितला, तेव्हापासून त्या लुअरचं नाव 'अंकल' पडलं.

बर्फ वितळला तशी आम्ही धरणावर जायला लागलो. आम्ही म्हणजे मीसुद्धा, कारण कोणीतरी पाठीस लागायला हवं ना. दिगंबरांनी माझाही मासेमारीचा परवाना काढला, तो पाठीवर टाचून फिरावं लागतं. पहाटे धुकं असताना बोट काढायची, थर्मासमध्ये चहा, डब्यात थालीपीठ. मी अगोदर स्वेटरवर स्वेटर घालून कुरकुरत बसायची. मग हातात रॉड घेऊन बघू म्हटलं. अंकल लांब फेकायचा आणि सावकाश ओढत आणायचा, एवढंच तर काम. काठावरच्या दोन बाप्यांनी मला साडीवर जॅकेट घातलेलं बघून टोपी काढून गुड मॉर्निंग केलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी येऊन विचारलं, ही लुअर विकाल का? मी म्हटलं, आमच्या वाट्या संपतील हो.

मस्की आले, नाही असं नाही. जूनमध्ये एक आला, जुलैत दोन. आणि तिन्ही वेळा दिगंबरांनी घालवले. पाणी उसळलं की ओढायचं नसतं. माशाने लुअर तोंडात धरून वळायला हवं, हाताला वजन लागायला हवं, मग ओढायचं. हे मला शिकवलं ह्यांनीच. आणि स्वतः काय करायचे, तर पाणी हललं रे हललं की असा हिसका द्यायचे की अंकल माशाच्या तोंडातून निघून आमच्या डोक्यावरून मागे जायचा. तिसऱ्यांदा मला संशय आला. म्हटलं, हा माणूस मुद्दाम तर करत नाही? पण त्यांचा चेहरा बघितला आणि संशय गिळला. पेपर अवघड गेलेल्या मुलासारखे बसले होते. घरी जाताना गाडीत मात्र तासभर त्या माशाबद्दल बोलत होते, आणि मी त्यांना चिडवत होते.

ऑगस्टमध्ये मालिनीचा फोन आला. त्यांच्या गल्लीत घर रिकामं होतंय, तीन बेडरूम, मागे लिंबाचं झाड. 'ताई, आता ठरव,' ती म्हणाली. मला आनंद झाला. पण जेवढा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. मी म्हटलं, उकाडा आहे, त्यामुळे असेल.

महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला. सोमवारी विनयला हो की नाही सांगायचं होतं. दिगंबर पहाटेपासून अंकल फेकत होते, हात दुखेपर्यंत. ऊन वर आलं तसे म्हणाले, 'जरा धर, मी चहा ओततो.' मी रॉड घेतला. एकदा फेकला. मी डुबुक डुबुक ऐकत ओढत होते आणि मागे वळून सांगत होते, 'साखर खाली बसलीये, हलवून ओता.' तेवढ्यात पाठीमागे कोणी मोठा धोंडा टाकावा तसा आवाज झाला.

मी ओढलं नाही. शहाणपणाने नव्हे, मी बघतच नव्हते ना. वळून बघेपर्यंत हाताला असं वजन लागलं की मी बोटीत बसलेच. 'ओढ,' दिगंबर ओरडले, आणि चहा त्यांच्या पँटवर. मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मासा बोटीखाली गेला, परत आला, एकदा पूर्ण पाण्याबाहेर उडाला, आणि मी मालवणीत त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी दिगंबरांनी जाळं खाली घातलं. हिरवट, पट्टेवाला, माझ्या कमरेच्या वर येईल एवढा मासा, आणि त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात आमचा अंकल.

गळ काढला. दिगंबरांनी माशाला शेपटीपाशी धरून पाण्यात हळूहळू हलवत ठेवलं, त्याला दम येईपर्यंत. मग त्याने एक फटकारा मारला आणि गेला. दिगंबर ओले हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

'सुमित्रा,' ते म्हणाले, 'विनयला आजच फोन करतो. लुअर माझीच होती. झालं माझं.'

किती सरळ म्हणाले. ना कुरकुर, ना सुस्कारा. मालिनीकडे ऊन आहे, माणसं आहेत, लिंबाचं झाड आहे, सगळं खरं. पण तिथे गेल्यावर माझा हा नवरा पुन्हा मुका होईल, याची भीती माझ्या पोटात केव्हाची येऊन बसली होती आणि मी तिला उकाडा म्हणत होते.

'अहो, मासा पकडला कोणी?' मी विचारलं.

'तू.'

'आणि कबूल काय केलं होतंत? तुमच्या हाताने पकडला तर.'

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. 'पण तुला जायचंय ना?'

'होतं. आता नाही जायचं मला. इथेच राहू.'

ते चष्मा काढून उगाचच पुसायला लागले, ओल्या शर्टाने, त्यामुळे तो आणखीच घाण झाला. 'मग मी कधी पकडू?' त्यांनी विचारलं.

'सावकाश पकडा,' मी म्हटलं. 'काही घाई नाही.'

दुपारी मालिनीला फोन मीच केला. ती फार चिडली, तोंडाला येईल ते बोलली, आणि मी मधेमधे तिला तो मासा केवढा होता तेच सांगत राहिले.