दोन ट्रम्पेटांमधला हेलकावा

“आधी कान, मग गाल!” आमचे ट्रम्पेटचे मास्तर हे रोज म्हणायचे. शिकणारा गाल फुगवून फुंकू लागला की ते त्याला थांबवत, ट्रम्पेट मांडीवर ठेवायला लावत आणि तोच सूर आधी तोंडाने गायला सांगत. दिवसा ते खालच्या दुकानात सायकली दुरुस्त करत. संध्याकाळी हात साबणाने घासून वरच्या खोलीत शिकवायला येत. ऑइलचा वास जिन्यावरून त्यांच्या मागोमाग यायचा.

त्या वर्षी त्यांच्याकडे एक नणंद-भावजय शिकत होत्या. गावच्या बँडला दोन ट्रम्पेटवादक हवे होते. बँडच्या प्रमुख बाईंनी निरोप धाडला होता: जोडीने वाजवा, घेईन तर दोघींना. निवड उद्यावर आली, तरी जोडी जुळेना. एकेकटीने वाजवलं तर प्रत्येकीचा सूर स्वच्छ. एकत्र वाजवलं की सुरांत ‘वांव-वांव’ असे हेलकावे.

“वन्सं, माझंच चुकतंय.”

“छे, माझंच. पण वहिनी, घरी कधी एवढं पटकन कबूल करत नाहीस हो!”

मास्तरांना राग आला नाही, नवल वाटलं. नेहमी ते डोळे मिटून ऐकत. आज उघड्या डोळ्यांनी दोघींचे हात निरखू लागले. ट्रम्पेटची जुळवायची नळी आत ढकलली की सूर चढतो, बाहेर ओढली की उतरतो. भावजय नणंदेला गाठायला नळी आत ढकलत होती आणि त्याच क्षणी नणंद तिच्यासाठी आपली बाहेर ओढत होती. दोघी एकमेकींना ओलांडून जात, मग घाईने उलट्या फिरत.

मास्तर खो खो हसले. “अगं, दारात दोन पाहुणे ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करतात, तशी गत झाली तुमची! एकीने जागा सोडायची नाही. कोण थांबतंय?”

भावजयीने नळीवरचा हात काढला. म्हणाली, “मी थांबते. वन्सं, तुम्ही या.”

नणंदेने नळी केसभर, केसभर सरकवली. हेलकावा लांबला, मंदावला, विरला.

दुसऱ्या दिवशी मास्तर दोघींना बँडच्या खोलीवर घेऊन गेले आणि बाईंनी दोघींना निवडलं. आता रोज संध्याकाळी सराव तिथेच. मास्तरांच्या वरच्या खोलीत आता या दोघी येणार नव्हत्या.

“मास्तर, येत जा ना ऐकायला,” नणंद म्हणाली.

“वाजवत राहा. इथून कसं ऐकू येतं ते कळलं. आता लांबून कसं ऐकू येतं, ते बघू.”

असं म्हणून ते निघाले. थोडं चालायचे, मान तिरकी करून थांबायचे, पुन्हा चालायचे. वळणाआड होईपर्यंत दोघी वाजवता वाजवता खिडकीतून त्यांच्याकडे बघत होत्या.