भिंतीसाठी केलेला अर्ज

माझे वडील गवंडी. दिवसभर लोकांच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आमच्या खोलीच्या भिंतीला माती थापायचे.

भिवंडीत चार खोल्यांच्या एका बैठ्या चाळीत आम्ही भाड्याने राहायचो. आमची मागची भिंत म्हणजे कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याची भिंत. चाळ आणि कारखाना एकाच शेठचा. दोन्ही शिफ्टला लूम चालायचे. भिंत थरथरायची, मांडणीवरची ताटं वाजायची, पोपडे तव्यावर पडायचे. आई भाकरीवर झाकण ठेवायची. भाकरीवर कुणी झाकण ठेवत नाही, पण आमच्याकडे ठेवावं लागे.

घरात गवंडी असून भिंत मातीची का, तर शेठची अट. बाबांनी विचारलं तेव्हा मी समोर होते.

"मिस्त्री, माती लाव, शेण लाव, माझं काही म्हणणं नाही. सिमेंट आत न्यायचं नाही. सिमेंट लावलं की भाडोत्री म्हणतो, खोली माझी."

"शेठ, मी काय खोली खांद्यावर घिऊन जानार हाय का?"

"तू नाही रे. तुझी पोरं नेतील." शेठ हसले. बाबाही हसले.

साइटवरचं घमेलंभर सिमेंट आणणं बाबांना अवघड नव्हतं. पण त्यांनी शेठना शब्द दिला होता. तेव्हा मला याचा राग यायचा. माती पावसाळ्यात गळून पडायची, दसऱ्याला परत लावायची. अशी सहा-सात वर्षं गेली.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा भिंतीने पोट काढलं. आई त्याच भिंतीला डोकं करून झोपायची. शेठ म्हणायचे, बघू. बाबा म्हणाले, टेकू लावतो. मी म्हणाले, "टेकू कशाला? कायदा आहे. मालकाला दुरुस्ती करावीच लागते. मी अर्ज लिहिते."

आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मला वाटायचं, अर्ज नीट लिहिला की काम होतंच.

मी लिहिलं. सदर भिंत अत्यंत धोकादायक अवस्थेत असून रहिवाशांच्या जीवितास धोका आहे, तरी मालकास दुरुस्तीचे आदेश व्हावेत. बाबा उंबऱ्यात उभे राहून ऐकत होते. "परत वाच, बाय," म्हणाले. मी परत वाचलं. ते आईला म्हणाले, "ऐकलंस का? वकिलावानी लिव्हलंय." टेकूचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

चारही खोल्यांच्या सह्या घेतल्या. शेजारच्या भाभीला, म्हणजे लूमवरच्या एका कारागिराच्या बायकोला, लिहिता येत नव्हतं. ती गरोदर होती. अंगठा उठवताना म्हणाली, "बिटिया, हमारी छत का भी लिख देना." तेही लिहिलं.

पंधरवड्यात पालिकेच्या कचेरीतून माणूस आला. त्याने भिंतीला हात लावला, खालून वर पाहिलं. "अर्ज कुणी लिहिला?"

"माझ्या पोरीनं, साहेब. कालेजात हाय."

"चांगला लिहिलाय," तो म्हणाला आणि गेला. त्या माणसाचं काही चुकलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. भिंत खरोखरच धोक्याची होती.

पुढच्या आठवड्यात नोटीस आमच्याच दारावर डकवली. चाळीत नीट वाचता येणारी मी एकटी, म्हणून सगळ्यांसमोर मीच वाचली. रहिवाशांच्या जीवितास धोका असल्याने चारही खोल्या तात्काळ रिकाम्या कराव्यात. शब्द माझेच होते.

"मतलब क्या हुआ, बिटिया?" भाभीने विचारलं.

"खोली खाली करनी है, भाभी."

"मरम्मत का लिखा था ना?"

"हाँ."

"तो खाली काहे करना है?"

तिचा नवरा म्हणाला, "पढ़ाई का नतीजा है, और क्या," आणि आत निघून गेला.

बाबा मला घेऊन शेठकडे गेले. त्यांनी सिमेंटची गोष्ट काढली नाही, टेकूचीच काढली. शेठ म्हणाले, "मी कुणाला काढलं का, मिस्त्री? अर्ज तुमचा. आता कागदाच्या पुढे मी तरी कसा जाऊ?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरगी हुशार आहे हो तुझी."

"व्हय, शेठ," बाबा म्हणाले.

भाभीला नवऱ्याने मुलुखाला धाडलं. तिला मुलगा झाला की मुलगी, मला कधी कळलं नाही. दिवाळीनंतर चाळीच्या जागी कारखान्याची नवी शेड उभी राहिली होती.

भिवंडीजवळच्या शेलार गावात मामाने गोठ्याशेजारी आसरा दिला आणि जमिनीचा लहानसा तुकडाही दिला. आईला गुरांच्या वासापेक्षा शांततेचा त्रास झाला. लूमच्या आवाजाशिवाय तिला झोप लागेना. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. एकदा मात्र मामाला सांगताना मी ऐकलं, "टेकवावर दोन-तीन वरसं काढली असती त्या भिंतीनं." इतकंच.

त्या तुकड्यावर बाबांनी रविवारी-रविवारी घर बांधलं. विटा मी दिल्या, पाणी आईने मारलं. तीन वर्षं लागली. तोपर्यंत माझा निकाल लागला होता, मी बी.ए. झाले होते.

घराला नंबर मिळावा म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा होता. मी वाट बघत होते की बाबा कागद आणून देतील. एक दिवस त्यांचा सदरा धुवायला घेतला तर खिशात अर्जाची नक्कल सापडली. अक्षर परक्याचं होतं, शुद्धलेखनाच्या चुका होत्या, खाली बाबांची सही.

"बाबा, मला का न्हाय सांगितलं?"

ते चपला पायात सरकवत म्हणाले, "तुला कामं असतील म्हनून."

मला त्या महिन्यात काहीही काम नव्हतं. दिवसभर मी घरीच असायचे, आणि हे त्यांना माहीत होतं.

तो अर्ज मंजूर झाला. घर बाबांच्या नावावर लागलं. पुढच्या जूनमध्ये मी शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले. त्यानंतर आमच्यापैकी कुणीही भाड्याच्या खोलीत राहिलं नाही.