बोर्डापुढे सरळ पाय

पलटणीत असताना गाडी उलटली आणि माझा उजवा गुडघा कायमचा बिघडला. त्यापोटी मिळणाऱ्या अपंगत्व पेन्शनची यंदा फेरतपासणी निघाली. पाय सुधारलाय असं मेडिकल बोर्डानं ठरवलं, तर ती बंद. सुधारलाय का, हे मलाच विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, कोण जाणे.

निघताना बायकोनं बजावलं, "अहो, घरी चालता तसंच चाला तिथे. फालतू अकड नको." मी नाटकं करणार नाही, म्हणून तिच्यावरच खेकसलो. नदीवरचा शिंदे घाट घरापासून हाकेवर, पण त्याच्या पायऱ्या मी दोन वर्षांत उतरलेलो नाही. तरी त्या दिवशी नाटक कुठलं आणि खरं कुठलं, याचा माझ्या डोक्यात पार गोंधळ झाला होता.

मिलिटरी हॉस्पिटलात बोर्डाच्या खोलीत तीन डॉक्टर, तिघेही गणवेशात. त्यांच्या खांद्यांवरचे तारे दिसले आणि माझी काठी आपोआप भिंतीला टेकली. टाचा जुळल्या, छाती पुढे आली. मधल्यांनी विचारलं, कैसे हैं? फौजेत या प्रश्नाला एकच उत्तर असतं. म्हटलं, बढ़िया, साहब. बूट काढून चालायला सांगितलं, तर परेडवर चालावं तसा चाललो. गुडघा वाकवून दुखतं का विचारलं, तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. नहीं साहब, म्हणालो. त्यांनी मान डोलावून काहीतरी लिहिलं आणि मला चक्क आनंद झाला. आपण काय करून बसलो हे दाराबाहेर आल्यावर कळलं. मग स्वतःचाच असा संताप आला की काठी फेकून द्यावीशी वाटली.

बायको बाहेर बाकावर थांबली होती, तिच्याशेजारी बसलो. बूट हातातच होते, वाकता येईना. बायको खाली बसली आणि मोजा चढवू लागली. तेवढ्यात तेच मधले डॉक्टर चहाला बाहेर आले. मी उठायला गेलो, पण तिनं पाय सोडला नाही.

त्यांनी मला नाही, तिला विचारलं, "रोज़ आप ही पहनाती हैं?"

"जी. दो साल से."

डॉक्टर चहा न घेताच आत परतले. बायको डोळे मिटून देवाचं नाव घेऊ लागली. मीही हात जोडले, पण काय मागावं ते कळेना. तुझा पाय बरा झालाय, एवढं एकदा कुणीतरी लिहून द्यावं, असं मला अजूनही वाटत होतं.