समीक्षाचे पॅनल आणि वनमालाबाईंचा चंद्र

बोरिवलीच्या ‘मधुमालती’ सोसायटीत समीक्षा कदमला सगळे ‘सोलरवाली’ म्हणत, आणि तेही तोंडावर. इलेक्ट्रिकल इंजिनिअर पोरगी, अंधेरीच्या सौरऊर्जा कंपनीत नोकरी, कार्डावर ‘डिझाइन इंजिनिअर’ असं ठसठशीत छापलेलं. आणि काम काय? तर सोसायट्यांच्या सेक्रेटरींना फोन करायचे. मुलुंड म्हणू नका, घाटकोपर म्हणू नका, पलीकडून एकच उत्तर: “मॅडम, आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय.” तिच्या जन्माआधीपासून पडायच्या असलेल्या इमारती अजून टेचात उभ्या, आणि त्यांच्या गच्च्या रिकाम्या.

एकदा ती वैतागून बोलली, तर तिचे साहेब परेशभाई म्हणाले, “एक गच्ची स्वतः आण, तिचं डिझाइन तूच कर. मग डिझाइनची खुर्ची तुझी. नाहीतर कृणालला देतो.” शेजारच्या टेबलावर कृणाल ऐकत होता, न ऐकल्यासारखं करून.

मग तिला आपलीच गच्ची आठवली. मधुमालती बघायला तीन बिल्डर आले होते आणि तिघंही चहा पिऊन गायब झाले होते. म्हणजे रिडेव्हलपमेंटची भीतीच नाही! शिवाय सेक्रेटरी तिचे वडील काशीराम, आणि महिला मंडळ आई वनमालाबाईंच्या मुठीत. घरचंच कार्य. यात अडणार काय?

पोरीने जीव ओतला. टाकीची सावली, जिन्याच्या खोलीची सावली, समोरच्या टॉवरची संध्याकाळची सावली, सगळं नकाशात उतरवलं. गच्चीवर बारशी-साखरपुडे होतात म्हणून पॅनल उंच खांबांवर घेतले. खाली आपोआप मांडव. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, सगळं उन्हावर चालणार. सभेत माना डोलल्या. चंदर सावंतांनी तर “झकास!” म्हणून टाळीही वाजवली, खोटं कशाला, ते प्रत्येक ठरावाला वाजवतात.

तेवढ्यात वनमालाबाई उठल्या.

“आणि कोजागिरीला?”

“कोजागिरीला काय, आई? खाली मस्त बसायचं. अंगावर दवसुद्धा पडणार नाही.”

“अगो, पण दुधात चंद्र दिसायला नको? की छपराखाली बसून ट्यूबलाइट बघत प्यायचं?”

सभा हसली, आणि मघाशी डोललेल्या माना आता वनमालाबाईंकडे वळल्या. बाराही महिन्यांच्या सूर्याचा हिशेब मांडणाऱ्या पोरीने चंद्राचा विचारच केला नव्हता. त्याच गच्चीवर मसाला दूध पीत वाढलेली असून!

“बाबा, तुम्ही तरी बोला ना!”

काशीरामांनी चष्मा पुसला. “माका कित्याक इचारतंस गो? सेक्रेटरी मी सोसायटीचो. घरातलो नाय.”

ठराव झाला तो असा: मधला भाग उघडा ठेवायचा. समीक्षाने पुन्हा नकाशा काढला. मधले पॅनल गेले आणि त्यांच्याबरोबर लिफ्ट गेली, पंप गेला. उरले जिन्यातले दिवे. परेशभाईंनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला. “जिन्यातल्या दिव्यांसाठी एवढे खांब? राहू दे.” पुढच्याच आठवड्यात कृणालने मामाच्या कारखान्याची शेड आणली. शेडवर ना बारसं, ना दूध. खुर्ची त्याला मिळाली.

कोजागिरीला दिवस मावळायच्या आतच आभाळ भरून आलं आणि सरी सुरू झाल्या. वनमालाबाईंनी पातेलं पार्किंगमध्ये मांडलं. सगळी मधुमालती ट्यूबलाइटखाली दूध प्यायली. समीक्षा एका स्कूटरला टेकून उभी होती. आई पेला घेऊन आली.

“घे. तुझ्यात केशर जास्त घातलंय.”

“आई, चंद्र कुठाय?”

“चिडू नको गो. पुढच्या वर्षी दिसेल.”

समीक्षा काहीतरी बोलणार होती. पण दूध गरम होतं आणि केशराशी तिचं भांडण नव्हतं. प्यायली.

दुसऱ्या दिवशी जुन्याच खुर्चीत बसून तिने कांदिवलीच्या एका सोसायटीला फोन लावला. कंपनीचं नाव सांगायच्या आधीच विचारलं, “काका, तुमच्याकडे कोजागिरी कुठे करता?”

“हॉलमध्ये,” सेक्रेटरी म्हणाले. “का हो?”

समीक्षा ताठ बसली. पेनचं टोपण काढलं, आपली सोलरची गोष्ट सांगायला सुरुवात केली.

“छान आहे मॅडम, पण काय आहे, आमची बिल्डिंग...”

तिने टोपण लावून टाकलं.