आबांची रक्षा

दादाला जाऊन वर्ष होत आलं. त्याच्याबरोबर काम केलेल्या काही जणांनी दिल्लीहून त्याच्यावर लिहिलेले लेख पाठवले. तो कुठल्या देशांत होता, पर्यावरणाच्या कुठल्या करारांसाठी बोलणी करत होता, हे त्यांत नीट आलं आहे. मी ते हळूहळू वाचते. वाचता वाचता मन मात्र मुरगूडजवळच्या आमच्या गावात, नदीकाठी जाऊन थांबतं.

दादा, माझा थोरला भाऊ, परराष्ट्र सेवेत होता. नव्वदच्या सुमाराला त्याच्याकडे पर्यावरणाच्या वाटाघाटी आल्या आणि तो त्यांतच रमला. बरोबरीचे लोक मोठ्या राजधान्यांत बदली मिळावी म्हणून खटपट करत. हा पुन्हा पुन्हा तेच काम मागून घेई. विषारी कचरा, जंगलं, नद्या. गावाला हे समजावणं अवघड होतं. एकदा सुट्टीवर आला असताना आमच्या धाकट्या काकांनी त्याला घराच्या पुढच्या सोप्यात गाठलं.

"मंजे तू झाडं लावतोस व्हय?"

"नाही, काका. झाडं तोडणार नाही, अशा कागदावर सगळ्या देशांच्या सह्या घेतो."

"आनि करत्यात?"

"करतात, पण वर्षं लागतात."

"मग तवर झाडं दम धरत्यात म्हण की."

सगळ्यांत मोठ्यानं दादाच हसला होता.

त्याच्या बैठकांची रीत त्याने आमच्या वडिलांना, आबांना सांगितली होती, ती मला आठवते. अध्यक्ष एकेक कलम वाचतो, सभागृहावरून नजर फिरवतो. ज्याला हरकत असेल त्याने समोरची देशाच्या नावाची पाटी उभी करायची. एकही पाटी उभी राहिली नाही, की अध्यक्ष लाकडी हातोडी टेबलावर ठोकतो आणि कलम मंजूर होतं. गप्प बसणं म्हणजे होकार. या रीतीत दादाची वर्षानुवर्षं गेली आणि ती त्याच्या अंगात भिनली.

एका थंडीत आबा आजारी पडून कोल्हापूरच्या दवाखान्यात होते तेव्हाच तो रजा काढून आला. त्याच थंडीत आबा गेले. त्यांना गावी नेलं, दादाने अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होतं. आदल्या संध्याकाळी सारी भावकी सोप्यात बसली होती. दादा उभा राहून बोलला. नदीच्या ज्या पाण्यात आपण पोहायला शिकलो, त्याला आता हात लावावासा वाटत नाही, उन्हाळ्यात मासे मरून वर येतात, आणि आपणही रक्षेबरोबर गाद्या, कपडे, काय काय त्यात सोडतो, असं त्याने सांगितलं. आबांची रक्षा मळ्यातल्या शेतात पुरू आणि वर आंबा लावू, असं त्याचं म्हणणं होतं. मग त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली.

"कुणाची हरकत आहे?"

कुणी टोपी सारखी केली, कुणी कपातल्या चहाकडे बघत राहिलं. काका खांबाला टेकून बसले होते, ते तसेच बसून राहिले.

"मग ठरलं," दादा म्हणाला.

मी माजघराच्या दारात उभी होते. आमच्याकडे मयताच्या घरात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. तो आत आल्यावर मी म्हटलं, "दादा, हो कुणीच म्हटलं नाही."

"नाही पण कुणी म्हटलं नाही," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

तो बारावं आटोपून विमानात बसणार होता. मी नोकरीसाठी कोल्हापुरात. आई मात्र त्याच घरात, त्याच भावकीत एकटी राहणार होती. तिला ताप आला तर काकांचीच माणसं धावणार, मळ्याला पाणी काकाच पाजणार. काका दुरावले तर आईचं काय, या एका विचाराने मला झोप लागली नाही.

रक्षेला आमच्याकडे बायकाही जातात. सकाळी आम्ही स्मशानात पोचलो तेव्हा पुरुषांनी रक्षा बांबूच्या बुट्टीत गोळा केली होती. ट्रॅक्टरचं तोंड नदीकडे होतं. बुट्टी ट्रॉलीत होती.

दादा पुढे झाला. "काका, काल शेतात ठरलं होतं."

"कुठं ठरलं? तू बोललास, आमी ऐकलं."

"पण कुणी हरकत घेतली नाही."

"पावण्याला कोण न्हाय म्हनतंय?" काका शांतपणे म्हणाले.

सख्ख्या पुतण्याला ते पाहुणा म्हणाले होते. दादाचा चेहरा उतरला. तो मुलगा होता, अग्नी त्याने दिला होता. हट्ट धरला असता तर कुणी अडवलं नसतं. पण त्यानंतर काकांनी आमचा उंबरा ओलांडला नसता. मी आईकडे पाहिलं. ती बायकांत मान खाली घालून बसली होती.

दादा काकांसमोर मातीतच बसला.

"तुमच्या मनात काय आहे, ते मी विचारलंच नाही. आता सांगा."

काकांनी नदीकडे हात केला. मग म्हणाले, "आमच्या आईची राख ह्याच पाण्यात हाय. बाची बी हाय. आनि माझ्या भावाला एकट्याला शेतात ठिऊन मी घरला जाऊ?"

दादाने विचारलं, "मूठभर नदीत सोडली तर?"

"मूठभरानं काय हुतंय?"

"आजी तेवढ्यानं ओळखेल, काका."

मग आबा गेल्यापासून जिने तोंड उघडलं नव्हतं, ती आई म्हणाली, "ती मूठ भावजींनी सोडावी."

काकांनी डोक्याची टोपी काढून दादाच्या हातात दिली. मूठ भरून ते कमरेएवढ्या पाण्यात गेले. पाण्यावर पिवळट फेस होता. तो हाताने बाजूला सारून त्यांनी मूठ उघडली. बाहेर येऊन त्यांनी हात काठावरच्या हापशावर धुतले.

उरलेली रक्षा आम्ही मळ्यात नेली. खड्ड्यात ती दादाने ठेवली, मातीही त्यानेच ओढली. काका बांधावर उभे राहिले, आत आले नाहीत. माझी धाकधूक गेली नाही, कारण खरं काय ते बाराव्याला कळणार होतं. मनात अढी असलेला माणूस बाराव्याच्या पंगतीला येत नाही.

बाराव्याला ऊन चढलं, पत्रावळ्या मांडल्या, पाहुणे बसले. काकांच्या घरचं कुणीही नव्हतं. दादा दारात जाई, रस्त्याकडे बघून परत येई. एका सहीसाठी देशादेशांची वर्षानुवर्षं वाट बघणारा माणूस, पण त्याला त्या दिवशी खाली बसवेना.

पहिली पंगत उठत आली तेव्हा काका आले. मागे काकू, मुलं, सुना. पायांवर पाणी घेऊन ते भिंतीकडेच्या पाटावर बसले. दादा आमटी वाढायला वाकला. अर्धी आमटी पत्रावळीबाहेर गेली.

"सावकाश," काका म्हणाले आणि पत्रावळ त्याच्याकडे सरकवली.

त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला. आईने तो स्वतः वाढला, मग भाताचं पातेलं माझ्या हातात देऊन ती आत गेली आणि आबा गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळेपणाने रडली.