चाचांच्या फोल्डरातली माणसं

खामगावातल्या मेलेल्या माणसांचा एकाच जिवंत माणसावर विश्वास आहे, तो म्हणजे आमचे फोटोवाले चाचा. घरात कुणी गेलं, की लग्नाच्या घोळक्यातलं त्याचं तोंड कापून, मागे निळं आभाळ लावून, तेरवीला हार घालायचा फोटो करावा तर चाचांनीच. हे सगळे चेहरे त्यांच्या जुनाट कॉम्प्युटरात एकाच फोल्डरात नांदतात. कॉम्प्युटर सुरू करण्याआधी चाचा त्याला सलाम करतात. दुकानात चप्पल चालत नाही, मोठ्यानं हसणं तर मुळीच नाही. एकदा एक गिऱ्हाईक खो खो हसलं, तर चाचांनी दटावलं, "हळू ना बे! अंदर लोकं हायेत."

आई गेली तेव्हा तिचा एकुलता एक फोटो मी मोबाइलमधून त्या कॉम्प्युटरात टाकला, घाईघाईत वायर ओढली आणि वर शहाणपणा करून मोबाइलातला फोटो पुसून टाकला. तेरवीच्या आदल्या दुपारी दुकानात गेले, तर चाचा घामाघूम. फोल्डर उघडला की बारक्या चौकटींत एकेक चेहरा उमटायचा, आणि मध्येच पडद्यावरची अख्खी खिडकी मिटायची. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. तिसऱ्यांदाही तेच.

"ताई, साऱ्यायले एकदम तोंड दाखवा म्हटलं की एखादा बिथरतेच," चाचा कुजबुजले. "त्याले शोधा लागते."

मग त्यांनी चेहरे बंद करून नुसती नावांची यादी लावली. "माफ करजा" म्हणत अर्धी माणसं नव्या फोल्डरात नेली आणि तिथं चेहरे सुरू केले. खिडकी टिकली. "हे शांत हायेत," म्हणून ती बाजूला. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. असं करत चाळीस उरले, मग वीस, मग पाच. बाहेर रणरणतं ऊन, गाड्यांचे हॉर्न, आणि आत आम्ही दोघं यादीवर डोळे लावून. शेवटी एकच नाव उरलं, माझ्या आईचं.

मला रडूच फुटलं. "चाचा, उद्या हार कोणत्या फोटोला घालू हो?"

चाचांनी फोटो दुरुस्तीच्या प्रोग्रॅममध्ये ती फाइल एकटीच उघडली. वरून कपाळ आलं, कुंकू, डोळे, नाक, आणि तिथंच थांबलं. खाली नुसता राखेच्या रंगाचा पट्टा; मी वायर ओढली तेव्हा फोटो तेवढाच आला होता. चाचा कितीतरी वेळ एकदा पडद्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कॅमेरा उचलला.

"स्टुलावर बसा. तोंड पुसा. मायले रडकं तोंड बरं दिसन का?"

कुणाला सांगू नका म्हणाले होते. सांगितलं मी, रागावू देत. चाचांचे हात आता थरथरतात, फोटो करणं त्यांनी जवळपास सोडलंच आहे, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. आई भिंतीवर आहे. नाकापर्यंत ती, खाली मी. पाहुणे म्हणतात, "हुबेहूब आल्या हो!" परवा बाहेर पडताना मी सवयीनं म्हटलं, "आई, येते गं," आणि माझेच ओठ तिथून "ये" म्हणतील असं वाटून दारातच थांबले.